घंटा थांबल्यानंतरचा अभ्यास

स्मरणिका हाती पडली की माजी विद्यार्थी बहुधा प्रथम आपल्या वर्गाचे छायाचित्र शोधतो, आणि ते सापडले की त्याच्या कानांत घंटा वाजू लागते. पहाटे उठवणारी घंटा, वंदनेची घंटा, भोजनाची घंटा आणि सायंकाळी अभ्यासिकेत बोलावणारी घंटा. निवासी विद्यालयाचा सारा दिवस या घंटेच्या तालावर चालतो. जिथे घरी दिव्याची सोय नव्हती, बसायला कोपरा नव्हता, आईवडील सहा महिने उसाच्या फडावर असत, तिथून आलेल्या मुलांना या घंटेने अभ्यासाला बसवले, हे आम्ही शिक्षक आणि गृहपाल अभिमानाने सांगत आलो आहोत.

परंतु या अभिमानाबरोबर एक खंतही आम्ही वर्षानुवर्षे मनात बाळगली आहे, आणि ती आज आपणांपुढे मांडणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दिवाळीच्या सुटीनंतर मुले परततात, तेव्हा पत्र्याच्या पेटीत पुस्तके जशी बांधून नेली होती तशीच परत येतात. हे एक वेळ सोडून देता येईल. पण दहावीला उत्तम गुण मिळवून शहरातल्या महाविद्यालयात गेलेला आपला विद्यार्थी अकरावीत एकाएकी मागे पडतो, कधी शिक्षण अर्धवट सोडून गावी परततो, तेव्हा तो प्रश्न सोडून देता येत नाही. त्याची बुद्धी दोन महिन्यांत कुठे गेलेली नसते. गेलेली असते ती घंटा. भाड्याच्या खोलीत त्याला कोणी उठवत नाही, कोणी अभ्यासाला बसवत नाही. मग आम्ही त्याला अभ्यास शिकवला होता, की केवळ त्याच्याकडून अभ्यास करून घेतला होता? प्रस्तुत लेख हा या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पहाटे दोनचा दिवा

आपल्या समाजात अभ्यासाचा विषय निघाला की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ओठांवर येते. ते योग्यच आहे. मात्र आपण बहुधा त्यांच्या पदव्यांची यादी सांगून थांबतो आणि त्या पदव्यांमागची व्यवस्था सांगायचे राहून जाते. विद्यार्थी भीमराव मुंबईत लोअर परळ भागातील डबक चाळीत एका खोलीत राहत असत. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच सगळ्यांचे निजणे, तिथेच अभ्यास. अशा घरात वडील रामजी सुभेदार यांनी एक युक्ती केली. मुलाला ते लवकर निजवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आपण निजत. पुस्तकांसाठी पैसे नसत, तेव्हा आपल्या विवाहित मुलींकडून दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवीत.

ही हकीकत ऐकून पुष्कळ पालक मुलाला पहाटे दोनला उठवू लागतात. तसे करू नये, अशी आमची नम्र सूचना आहे. वाढत्या वयातील मुलाला आठ ते दहा तासांची झोप लागते. दिवसा शिकलेले मनात मुरण्याचे काम पुष्कळसे झोपेतच होते. भीमरावांनाही वडील आधी लवकर निजवीत, ही बाब आपण विसरतो. या प्रसंगातला धडा घड्याळातल्या दोनच्या आकड्यात शोधू नये. गजबजलेल्या घरात शांत वेळ आणि निवांत जागा कोणती, हे त्या पित्याने शोधून काढले आणि ती रोज मुलाला मिळेल अशी तजवीज केली. एरवी ज्या घरात अभ्यास होणे अशक्य होते, तिथे या तजविजीमुळे तो शक्य झाला.

आणखी एक गोष्ट आम्ही मुलांना आवर्जून सांगतो. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते, म्हणजे शेकडा अडतीसही भरत नाहीत. हे गुण आज एखाद्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात दिसले, तर घरात त्याच्याविषयी काय बोलले जाईल, याचा आपण क्षणभर विचार करावा. त्या वेळी शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले गेले नव्हते. नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली आणि पुढे संस्कृत स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली.

जेव्हा उठवणारे कोणी उरले नाही

रामजी सुभेदारांचे निधन फेब्रुवारी १९१३ मध्ये झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आमच्या दृष्टीने विद्यार्थ्याच्या आयुष्यातील ही खरी परीक्षा होय. घर सुटले, उठवणारा पिता गेला, देश परका आणि दिवस सर्वस्वी आपल्या ताब्यात. आपला जो विद्यार्थी दहावीनंतर पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो, तो याच वळणावर उभा असतो.

पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. अर्थशास्त्राबरोबरच इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा विषयांचा अभ्यास करून १९१५ साली त्यांनी एम. ए. पदवी मिळवली. १९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, काही मदत आणि काही कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथे ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते सकाळीच जाऊन बसत ते थेट बंद होण्याच्या वेळेपर्यंत. तिथे त्यांना बोलावणारी घंटा नव्हती. डबक चाळीत वडिलांनी बाहेरून लावलेली घडी आता आतून चालू झाली होती.

बाहेरची घंटा आत कशी शिरते, हा आमच्या दृष्टीने शिक्षणातील कळीचा प्रश्न आहे. बौद्ध परंपरेत ज्याला अप्रमाद म्हटले आहे, म्हणजे कोणी पाहत नसतानाही टिकणारी जागरूकता, तिचेच हे विद्यार्थिदशेतील रूप आहे. मात्र ती नुसत्या उपदेशाने येत नाही, तिला पायऱ्या आहेत. आता त्या पायऱ्यांकडे वळू.

सवय जडते कशी

पुष्कळांचा समज असा, की अभ्यासू मुलाची इच्छाशक्ती दांडगी असते. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. नियमित अभ्यास करणाऱ्या मुलाला रोज मनाशी झगडावे लागत नाही, कारण कुठे बसायचे, केव्हा बसायचे आणि आरंभ कशाने करायचा हे त्याचे आधीच ठरलेले असते. ‘मी रोज अभ्यास करीन’ हा संकल्प सहसा आठवड्यात विरतो. ‘रात्रीचे जेवण झाल्यावर ताट धुऊन ठेवले, की खिडकीजवळच्या जागी बसून प्रथम गणिताचे दोन प्रश्न सोडवीन’ हा संकल्प टिकण्याची शक्यता पुष्कळ अधिक, कारण त्याला एका रोजच्या कृतीचा आधार मिळालेला असतो. ताट धुणे हीच मग घंटा होते. ती वसतिगृहात वाजते, घरी वाजते आणि शहरातल्या खोलीतही वाजते.

सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? एकवीस दिवस, असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींना एकेक नवी सवय लावायला सांगून याचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतात, असे त्यांना आढळले. कोणाला १८ दिवस पुरतील, तर कोणाला २५४ दिवसही लागतील, इतका फरक व्यक्तीव्यक्तींत दिसला. या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष आम्हांस फार मोलाचा वाटतो. एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्याच्या क्रियेत फारसा खंड पडत नाही.

आमच्या मुलांचे नुकसान नेमके इथे होते. आजारपणात, लग्नकार्यात किंवा जत्रेत दोन दिवस गेले, की ‘आता सगळेच बिघडले’ असे मानून ते पुढचे वीस दिवसही घालवतात. म्हणून आम्ही त्यांना एक साधा नियम देतो. चुकलेल्या दिवसाचा शोक करायचा नाही आणि दुप्पट अभ्यास करून भरपाईही करायची नाही. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी ठरल्या जागी बसायचे, मग ते दहा मिनिटांपुरते का असेना.

डोळ्यांचा अभ्यास आणि मनाचा अभ्यास

वेळेवर बसण्याची सवय लागली, तरी निम्मेच काम होते. बसून काय करायचे, हा प्रश्न उरतोच. अभ्यासिकेत फेरी मारताना आम्हांला दिसते, की बहुसंख्य मुले एकच धडा पुनःपुन्हा वाचत असतात. तिसऱ्या वाचनाला मजकूर ओळखीचा वाटतो आणि मुलाला वाटते, आपल्याला आले. ओळख पटणे आणि आठवणे यांत महदंतर आहे. वाटेत भेटलेला मनुष्य ओळखीचा वाटतो, पण त्याचे नाव आठवत नाही, तशीच ही गत असते. परीक्षेत तर नावच विचारले जाते.

जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाऊस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पाठ केलेल्यांतले पुष्कळसे आरंभीच्या काही तासांतच विसरले जाते आणि त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यांनी मोजून दाखवले. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, तर काहींनी न पाहता जेवढे आठवले तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. उद्याच्या चाचणीपुरते वाचणारा मुलगा आजच हुशार का दिसतो आणि वार्षिक परीक्षेत का घसरतो, याचे उत्तर या प्रयोगात मिळते.

यावरून आम्ही अभ्यासाची एक रीत ठरवली आहे. समजा, दहावीच्या विज्ञानातील प्रकाशाच्या अपवर्तनाचा भाग वाचायचा आहे. दोन पाने सावकाश, समजून वाचावीत. मग पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर अपवर्तनाचे नियम आपल्या शब्दांत लिहावेत, काचेच्या चिपेची आकृती काढावी, आपाती किरण, अपवर्तित किरण आणि स्तंभिका यांना नावे द्यावीत. त्यानंतर पुस्तक उघडावे आणि जे सुटले, जे चुकले, ते निराळ्या शाईने दुरुस्त करावे. हाच कागद दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने, दर वेळी पुस्तक न पाहता, पुन्हा लिहून पाहावा. दर वेळी निराळ्या शाईतली अक्षरे कमी होत जातात आणि आपण पुढे जात आहोत याचा पुरावा मुलाला आपल्याच हस्ताक्षरात मिळतो.

ही रीत आरंभी मुलांना आवडत नाही. पुस्तक मिटल्यावर काही आठवले नाही, की त्यांना लाज वाटते आणि वाचनात जो दिलासा होता तो नाहीसा होतो. ‘सर, वाचताना येत होतं, आता काहीच येत नाही,’ असे ती म्हणतात. आम्ही त्यांना सांगतो, की हा त्रास म्हणजेच अभ्यास. व्यायामात दंड दुखू लागले म्हणून कोणी व्यायाम चुकला असे म्हणत नाही.

याच्या जोडीला एक चुकांची वही असावी. चाचणीतील प्रत्येक चूक तीत लिहावी आणि तिचे कारण पुढे नोंदवावे: समजलेच नव्हते, समजले होते पण आठवले नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की आकडेमोडीत चिन्ह बदलले. कारण निराळे तसा उपायही निराळा. ज्याला समजलेच नव्हते त्याने शिक्षकाकडे जावे, ज्याला आठवले नाही त्याने उजळणी करावी. आणि ज्याने प्रश्न नीट वाचला नाही त्याने आणखी दहा तास वाचन केले, तरी ती चूक सुटणार नाही.

‘हुशार’ या शब्दाचे ओझे

सवयीमागे एक मनोवृत्ती असावी लागते, आणि ती घडवण्यात आपण वडीलधारी मंडळी नकळत पुष्कळ चुका करतो. ‘आमचा मुलगा मुळातच हुशार’ असे कौतुकाने म्हणतो, किंवा ‘याच्या डोक्यात गणित शिरतच नाही’ असा निकाल देऊन टाकतो. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी अमेरिकेतील पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ म्हटले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटले. पुढे अवघड कोडी देऊन त्यांना अपयशाचा अनुभव दिला. हुशारीची स्तुती ऐकलेली मुले त्यानंतर लवकर खचली, त्यांची कामगिरी घसरली आणि आपले गुण वाढवून सांगण्याकडेही त्यांचा कल अधिक दिसला. मेहनतीची स्तुती ऐकलेली मुले अवघड कामाकडे अधिक उत्साहाने वळली.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये, की ‘तू करू शकतोस’ हे वाक्य रोज म्हटले की गुण वाढतील. पुढे याविषयी मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाले, त्यांत केवळ अशी शिकवण दिल्याने होणारा लाभ लहानच आढळला. मेहनतीच्या कौतुकाबरोबर मेहनतीची योग्य रीतही मुलाच्या हाती द्यावी लागते. चुकीच्या पद्धतीने खूप मेहनत केलेल्या मुलाला ‘अजून मेहनत कर’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

या ठिकाणी आम्ही पुन्हा बाबासाहेबांकडे येतो. रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध त्यांनी लंडन विद्यापीठास डी. एस्सी. पदवीसाठी सादर केला, तेव्हा तो प्रथम मान्य झाला नाही. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. हातातले पैसे संपत आले होते. १९२३ साली मुंबईस परतल्यावर त्यांनी त्यावर पुन्हा काम केले, तो पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी तो मान्य होऊन ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाला. एम. ए., पीएच. डी., डी. एस्सी. ही अक्षरे आपण भिंतीवर रंगवतो. परत आलेला तो प्रबंध पुन्हा उघडून बसलेला मनुष्य मात्र आपण मुलांना दाखवत नाही. चाचणीत नापास होऊन डोळे पुसत आलेल्या मुलाला त्या पदव्यांपेक्षा त्या मनुष्याचा आधार अधिक वाटेल, असा आमचा विश्वास आहे.

पालकांस आणि माजी विद्यार्थ्यांस

पालकहो, वसतिगृहात लागलेली सवय सुटीत टिकावी यासाठी आपण फार मोठे काही करावे, अशी आमची मागणी नाही. घरात एक जागा आणि दिवसातला एक तास एवढेच ठरवावे. त्या तासात दूरचित्रवाणी बंद असावी, मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि खोली एकच असेल तर पेटीत असावा. आपणांस वाचता येत नसले तरी हरकत नाही. ‘आज काय शिकलास ते मला सांग,’ एवढे म्हणून समोर बसावे. पुस्तक मिटून सांगताना मुलाची उजळणी आपोआप होते. फडावरून फोन करणाऱ्या आईनेही ‘जेवलास का’ या प्रश्नाला हा दुसरा प्रश्न जोडावा.

माजी विद्यार्थ्यांना आम्ही कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची आठवण देऊ इच्छितो. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा रोज वाचत बसतो, हे त्यांनी पाहिले, त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. मॅट्रिकनंतरच्या सत्कारसमारंभात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी त्याला भेट दिले आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्याच्या शिक्षणास मदत मिळवून दिली. वडील घरात दिवा लावत होते. घराबाहेरची वाट केळुसकर गुरुजींनी दाखवली. आपल्या शहरात दरवर्षी आपल्या शाळेचा एखादा मुलगा किंवा मुलगी अकरावीला येते. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत, नवी सवय जडण्याच्या त्या नाजूक काळात, आठवड्यातून एकदा कोणी चौकशी केली, एखाद्या अभ्यासिकेत नेऊन बसवले, तर पुष्कळ गळती थांबेल. देणगीचे आम्ही स्वागतच करतो, परंतु ही भेट देणगीहून मोठी ठरेल.

आमच्याकडूनही एक बदल आम्ही सुरू केला आहे. नववी-दहावीच्या मुलांसाठी रविवारी सायंकाळी अभ्यासाची घंटा वाजवायची नाही, असे आम्ही ठरवले. अभ्यासिका उघडी असते, दिवे लावलेले असतात, पण बोलावणे नसते. पहिल्या रविवारी मोजकीच मुले आली. बाकीची मैदानावर होती आणि आम्हांलाही दोरीला हात घालण्याचा मोह आवरावा लागला. हळूहळू संख्या वाढते आहे. कधी पुन्हा कमीही होते. जी येतात, ती कोपऱ्यातली आपली जागा धरतात, पुस्तक उघडतात, थोड्या वेळाने ते मिटतात आणि कोऱ्या कागदावर लिहू लागतात. त्या शांततेत उभे राहिले, की आपले काम योग्य दिशेने चालले आहे अशी आमची खात्री पटते.